कऱ्हा जुलैमध्ये कोरडी का असते

माझं सासर लोणंदच्या बाजूला आणि माहेर मोरगावच्या वरच्या अंगाला, त्यामुळे जायचं यायचं म्हटलं की वाटेत दोन नद्या लागतातच. आधी नीरा, मग कऱ्हा. जुलैमध्ये वीर धरणातून पाणी सोडलेलं असलं तर नीरेच्या पुलावर लोक गाड्या बाजूला लावून फोटो काढत असतात, तांबडं गढूळ पाणी दोन्ही काठांना घासत चाललेलं असतं, आणि तिथून मुर्टीवरून जेमतेम अर्धा तास पुढं गेलं की मोरगावच्या पुलाखाली कऱ्हा. कोरडीठाक. मध्येच कुठंतरी हिरवट डबकं, त्यात दोन म्हशी, बाकी सगळे धोंडे आणि वेड्या बाभळी.

हे मी लहानपणापासून बघत आले पण कधी प्रश्न पडला नाही. माझी लेक पहिलीत असताना तिनं मागच्या सीटवरून विचारलं, आई, ही नदी बंद आहे का? दुकान बंद असतं ना, त्या सुरात. मी सांगितलं की पाऊस पडला की येईल पाणी. पण पाऊस तर तेव्हाही भुरभुरत होता, गाडीचे वायपर चालू होते, आणि नीरा तर आम्ही आत्ताच भरलेली बघून आलो होतो. मग हिलाच काय झालं?

तेव्हापासून दोन अडीच वर्षं जमेल तसं मी कऱ्हा तुकड्या तुकड्यानं बघत गेले, कधी दादाबरोबर बाईकवर, कधी एसटीनं, कधी नुसतं गूगल मॅपवर सॅटेलाईट व्ह्यू लावून रात्री बारा बारापर्यंत. नदी काही मोठी नाही, गराडे ते सोनगाव मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. पण जे समजत गेलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आमच्या भागातली पोरं शाळेत गंगा यमुना पाठ करतात आणि दारातल्या नदीला ओढा म्हणतात.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. सगळा फरक उगमात आहे. नीरा निघते भोर तालुक्यात शिरगावजवळ, वरंधा घाटाच्या तोंडाशी, म्हणजे ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर. समुद्राकडून आलेला ढग पहिल्यांदा जिथं आपटतो तिथं. जून-जुलैचा सगळा मोठा पाऊस तिच्या पदरात, शिवाय वेळवंडी, गुंजवणी अशा तिला येऊन मिळणाऱ्या नद्याही त्याच पावसाच्या पट्ट्यातल्या. कऱ्हा निघते पुरंदर तालुक्यात गराड्याच्या वर, आणि ते डोंगर सह्याद्रीचेच असले तरी मुख्य रांगेतले नाहीत. सह्याद्रीतून एक सोंड पूर्वेला फुटते, सिंहगड, कात्रज, बोपदेव, दिवे घाट आणि पुढं भुलेश्वर अशी लांब. तिच्या दक्षिणेच्या उतारावर कऱ्हेचा जन्म. तोवर ढग बराचसा मोकळा झालेला असतो. नकाशावर दोन्ही उगमांमध्ये बोटभर अंतर दिसतं पण त्या बोटभर अंतरात पाऊस कुठल्या कुठं उतरतो.

म्हणजे नीरा मोठ्या पावसात जन्मते आणि कोरड्या मुलखातून फक्त वाहत जाते. कऱ्हा जन्मते तीच अर्ध्या पावसात, आणि जाते आणखी कमी पावसाकडं. बारामतीच्या बाजूला वर्षाला साडेचारशे पाचशे मिलिमीटर, तेही पडला तर. आपण पुस्तकात वाचतो की नदी खाली जाईल तशी मोठी होत जाते, ओढे नाले मिळतात, पात्र रुंद होतं वगैरे. कऱ्हेच्या बाबतीत बहुतेक वर्षी उलटं घडतं, ती खाली जाते तशी कमी होते. थोडं पाणी बंधारे अडवतात, थोडं उन्हात जातं, आणि बरंच जमिनीत मुरतं.

गराड्याला मी पहिल्यांदा गेले ते ऑगस्टमध्ये. तिथला मुलूख बघून मला धक्काच बसला, कारण माझ्या डोक्यातली कऱ्हा म्हणजे धोंडे आणि बाभळी, आणि इथं भाताची खाचरं, डोंगरावरून सुटलेल्या पांढऱ्या रेघा, धुकं. वर चतुर्मुखाचं देऊळ आहे. आमच्याकडं सांगतात की ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि त्यातलं पाणी वाहत निघालं ती कऱ्हा, करा म्हणजे पाण्याचं भांडं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला प्रश्न पडायचा की कमंडलूत असं किती पाणी मावणार. आता वाटतं गोष्ट रचणाऱ्यांना ही नदी बरोबर माहीत होती. गंगेसारखी जटेतून आणली नाही त्यांनी, एका भांड्यातून आणली. मापाचं पाणी आहे हे.

तिथून खाली आलं की सासवड. नारायणपूरच्या रस्त्याला लागलं की चांगवटेश्वराचं देऊळ, आणि गावालगत संगमेश्वर, तिथं चांबळी नदी कऱ्हेला मिळते. सासवडला उभं राहून चारी बाजूंना बघितलं की या खोऱ्याचा आकार लक्षात येतो. उत्तरेला दिवे घाटाची रांग, दक्षिणेला पुरंदर वज्रगडाची, आणि मधे ही पसरट परातीसारखी जागा. माउलींची पालखी पुण्याहून निघते आणि दिवे घाट चढते, तो घाट चढला की ती मुळा-मुठेचं खोरं सोडून कऱ्हेच्या खोऱ्यात येते. मग सासवड, जेजुरी, तिथून वाल्हे, आणि पुढं नीरेच्या काठावर माउलींच्या पादुकांना स्नान. वारकरी तीन खोरी चालून जातात, आणि वाटेत कऱ्हा कशी आहे, पाणी आहे का नाही, हे दरवर्षी बघतात. आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारीहून आली की पहिल्यांदा तेच सांगायची, यंदा सासवडला कऱ्हेत पाय बुडतील एवढं होतं.

जेजुरीजवळ नाझरे धरण, मल्हारसागर म्हणतात. पाऊण टीएमसीच्या, म्हणजे पाऊण अब्ज घनफुटाच्या जवळपास क्षमता. तुलना करायची तर नीरेच्या खोऱ्यातलं भाटघर एकटं साडेतेवीस टीएमसीचं. एका बाजूला तीस भांडी पाणी आणि एका बाजूला एक भांडं, आणि ते एकही दरवर्षी भरत नाही. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला येते, हजारो लोक, भंडाऱ्यानं सगळा रस्ता पिवळा. देव नदीवर येतो, पण त्या दिवशी नदी घरी असेलच असं नाही. जुन्या लोकांनी हे ओळखून जेजुरीत तलाव बांधून ठेवलेत, पेशवे तलाव आणि होळकर तलाव. नदीकाठच्या एवढ्या मोठ्या देवस्थानाला पाण्यासाठी तलाव बांधावे लागले, यातच कऱ्हेचा स्वभाव कळतो.

आता मोरगाव. इथं मी सगळ्यात जास्त थांबले, एक तर माहेर जवळ म्हणून आणि दुसरं म्हणजे इथल्या दरडी. मयुरेश्वराच्या दर्शनाला लाखो लोक येतात, पण नदीकडं कोण बघत नाही. पात्रात उतरलं की दोन्ही बाजूला मातीच्या उंच दरडी, काही ठिकाणी दोन तीन पुरुष उंच. एवढ्याशा नदीला एवढी माती कुठून? आपला सगळा दख्खन काळ्या कातळाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा, त्यावर माती तशी पातळच असते. पण नदीनं कधीकाळी इथं संथ पसरत गाळ टाकलाय, पुढं कधीतरी तिनंच तो गाळ कापत खाली जायला सुरुवात केली, आणि आता ती स्वतःच्या जुन्या मातीच्या खोल चरातून जाते. दरडीत पांढरे खडबडीत गोळे दिसतात, चुनखडीचे. आम्ही लहानपणी ते भिंतीवर रेघा मारायला घ्यायचो. कोरड्या हवेत जमिनीतलं पाणी वर वर येऊन उडून जातं आणि चुना मागं राहतो, त्याचे हे गोळे. म्हणजे हा मुलूख आज कालचा कोरडा नाही.

आणि याच दरडींमध्ये राख आहे. ज्वालामुखीची. हे मला खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर रात्रभर झोप नाही आली. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी आहे, इथून अंदाजे तीन हजार किलोमीटर लांब, त्याच्या प्रचंड उद्रेकातली राख वाऱ्याबरोबर सगळ्या भारतावर पडली आणि नद्यांच्या गाळात कुठं कुठं टिकली. आपल्या भागात ती दोन ठिकाणी प्रसिद्ध आहे, कुकडीवरचं बोरी आणि कऱ्हेवरचं मोरगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथं खोदकाम केलंय, आदिमानवाची दगडी हत्यारं सापडलीत. राख नेमक्या कुठल्या उद्रेकातली यावर अभ्यासकांत वाद आहे, कोणी म्हणतं ७५ हजार वर्षांपूर्वीची, कोणी आठ लाख वर्षांच्या आसपासची. आठ लाख! म्हणजे ज्या काठावर बसून आमच्या आत्यानं गोधड्या धुतल्या तिथं तेव्हा कुणीतरी बसून दगडाची कुऱ्हाड घडवत होतं, आणि त्याला पाणी लागत असणार ते याच खोऱ्याचं. दादानं मला एका ओघळीत पांढुरका पट्टा दाखवला, बोटावर घासला तर पिठासारखा मऊ. ती राखच होती का साधी चुन्याची माती हे मी ठामपणे नाही सांगणार, पण मी तिथं बराच वेळ हात ठेवून उभी होते.

मोरगावच्या आसपासचं आणखी एक सांगायचं म्हणजे वाळू. अण्णा, म्हणजे माझे वडील, यांच्या लहानपणी उन्हाळ्यात पात्रात हातानं खड्डा केला की पाणी लागायचं, त्याला झिरा म्हणायचे. बायका वाटीनं पाणी काढून घागरी भरायच्या, एक घागर भरायला वेळ लागायचा पण पाणी गार आणि नितळ, वाळूतून गाळून आलेलं. नदी वरून कोरडी दिसायची आणि आत ओली असायची. माझ्या आठवणीत झिरा शेवटचा मी सातवी आठवीत असताना बघितलाय. त्यानंतर ट्रॅक्टर, मग रात्रीचे डंपर. आपल्या काळ्या कातळाची झीज होते तेव्हा त्यातून बहुतेक चिकण माती होते, वाळू फार थोडी होते, त्यामुळे कऱ्हेसारख्या नदीत वाळूचा थर साठायला पिढ्यान पिढ्या जातात आणि उपसायला एक हंगाम पुरतो. वाळू गेली तसा स्पंज गेला. आता पूर येतो तो उघड्या कातळावरून सरळ घसरत जातो आणि महिनाभरात पात्र पुन्हा कोरडं, खड्डा करायला गेलं तर खाली दगड. काठावरच्या विहिरींनाही तेच. इथं पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि नदीच्या गाळात, त्याखाली घट्ट कातळ, त्यात फटी असतील तेवढंच. नदी विहिरींना पाजायची आणि पाऊस सरला की विहिरीकडचं पाणी हळूहळू नदीत पाझरायचं, हे देणं घेणं दोन्ही बाजूंनी तुटलं. अण्णा चिडून बोलत नाहीत कधी, पण यावर बोलताना त्यांचा आवाज बदलतो. माझाही बदलतो. ज्यांनी वाळू नेली त्यांची घरं पण याच नदीच्या काठावर आहेत.

मग ही नदी भरते तरी कधी? तर सप्टेंबरात. जुलैचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि घाटावरच संपतो, पण सप्टेंबरचा, परतीचा पाऊस वेगळा. दुपारपर्यंत कडक ऊन, चारच्या सुमाराला ढग उभे राहतात, कडकडाट, आणि तासा दोन तासात शेत तुडुंब. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा आत आला तर अजून जोर. आमच्या भागातल्या ज्वारीचं, विहिरींचं, सगळ्याचं वर्ष या महिन्यावर. म्हणूनच जुलैमध्ये नीरा भरलेली आणि कऱ्हा कोरडी ही काही कऱ्हेची चूक नाही, तिचं वेळापत्रकच वेगळं आहे, आणि आपण तिला नीरेच्या घड्याळानं बघतो.

२०१९ साल आमच्याकडं कोणी विसरणार नाही. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आमचे तालुके होते, उन्हाळाभर टँकर आणि चारा छावण्या. आणि २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजच्या डोंगरावर आणि पुरंदरच्या पश्चिम भागात असा काही पाऊस कोसळला की एकाच रांगेच्या दोन्ही बाजूंना हाहाकार झाला. उत्तरेच्या उतारावरचं पाणी आंबिल ओढ्यातून पुण्यात शिरलं, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, माणसं गेली. दक्षिणेच्या उतारावरचं कऱ्हेत आलं. नाझरे भरून वाहिलं आणि मध्यरात्रीनंतर काठावरची गावं जागी करत फिरावं लागलं, बारामतीत हजारो लोकांना हलवलं. दादाचा फोन आला तेव्हा मला आधी ऐकू आला तो मागचा आवाज, घरघर घरघर, मला वाटलं ट्रक चालू आहे. तो म्हणाला, नदी आहे ती. चार महिन्यांपूर्वी ज्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती तिथून धोंडे गडगडत चालले होते. पाणी ओसरल्यावर शेतातली वरची माती गेलेली, मोटारी गेलेल्या, विहिरी गाळानं बुजलेल्या. एकाच नदीकाठी एकाच वर्षात टँकरची रांग आणि पुराचा पंचनामा. वर्षाची सरासरी काढली तर पाऊस ठीक झाला असंच कागदावर दिसणार, म्हणून कोरड्या मुलखात मला सरासरीवर भरवसा वाटत नाही.

कऱ्हेचं आपलं पाणी पुरत नाही म्हणून आता बाहेरून पाणी येतं. पुरंदर उपसा योजनेत मुळा-मुठेचं पाणी, म्हणजे पुणे शहरानं वापरून सोडलेलं, पंपानं डोंगर चढवून या खोऱ्यात आणतात. जानाई शिरसाई योजनेतून पलीकडच्या जिरायत गावांना. डोंगरानं जी पाणलोटं वेगळी केली होती ती मोटारींनी जोडली. त्या पाण्यावर आमच्याकडच्या पोरांची लग्नं झालीत, शिक्षणं झालीत, त्यामुळे त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण फेस येतो त्या पाण्याला, वास येतो, आणि पंपाचं बिल थकलं की पाणी थांबतं. पुरंदरचं अंजीर, ज्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते मुळात कमी पाण्याच्या, निचऱ्याच्या, मुरमाड उतारावरचं झाड. सीताफळ तर त्याहून काटक. या मातीनं स्वतः निवडलेली झाडं ती. आता पाणी दिसलं की लोक ऊस लावतात, आमच्या भावकीत पण लावलाय, आणि मी माहेरी गेल्यावर यावर वाद घालून झालाय.

बारामतीच्या जरा आधी दोन जग शेजारी शेजारी दिसायला लागतात. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, १८८५ च्या सुमाराला तो सुरू झाला, आणि तेव्हापासून तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग बागायत, उत्तरेकडचा जिरायत. कऱ्हा जिरायतातून येते आणि शहरापाशी बागायतात शिरते. मोरोपंतांनी याच काठावर राहून आर्या लिहिल्या. शहरात आता काठाला भिंती, पायऱ्या, दिवे, संध्याकाळी फिरायला बरं वाटतं. बंधाऱ्यामुळे पाणी उभं असतं, वरच्या गावांना जे कधी दिसत नाही ते.

सोनगावला मात्र मी मुद्दाम मे महिन्यात गेले. तिथं कऱ्हा नीरेला मिळते, काठावर सोनेश्वराचं देऊळ, पुढं नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते, भीमा कृष्णेत, आणि गराड्याच्या खाचरातलं पाणी, उरलं तर, बंगालच्या उपसागरात. लेक बरोबर होती, आता चौथीत आहे. संगमावर पाणी होतं आणि ती खूश झाली, कऱ्हा उघडली म्हणाली. मग आम्ही कऱ्हेच्या पात्रातून वरच्या बाजूला चालत गेलो तर थोड्या अंतरावर पाणी संपलं आणि पुढं भेगाळलेला गाळ. शेळ्या घेऊन एक बाबा बसले होते, त्यांना विचारलं.

"हे पाणी नीरेचं हाय बाय. तिकडून फुगून आत आलंय. कऱ्हा अजून यायचीय."

लेकीनं विचारलं, "बाबा, कधी येईल?"

"आली तर घट बसायच्या आत येईल."

तिनं बोटांवर महिने मोजले, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, आणि मला म्हणाली, मग आपण जुलैमध्ये कशाला बघतो पुलावरून?